विजांना घाबरणाऱ्या कुत्र्याला ‘बाहेर बांधा, लाड करू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मृग तोंडावर आला की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो: ‘कुत्रा विजेला घाबरतो? पाच घरगुती उपाय’. त्यातले उपाय असे. घाबरला तर जवळ घेऊ नका, लाडाने भीती वाढते. पावसात बाहेरच बांधा, भीड चेपेल. पिल्लू असतानाच जवळ सुतळी बॉम्ब फोडा. फारच धिंगाणा केला तर माणसाची झोपेची अर्धी गोळी नाहीतर दारूचा घोट द्या. आणि शेवटचा, गावठी कुत्रा घाबरत नसतो. घाबरला तर तो राखणीच्या कामाचा नाही, दुसरा आणा.

खाली ‘एक अनुभवी शेतकरी’ एवढीच सही. रावेर-यावलच्या मळ्यांपासून साक्रीच्या वस्त्यांपर्यंत लोक हे वाचतात आणि तसं वागतातही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा सगळ्यांना पटतो, कारण तो अर्धवट खरा वाटतो. ज्या गोष्टीचं बक्षीस मिळतं ती गोष्ट कुत्रं पुन्हा करतं, हे बरोबर. पंजा दिला की बट्टीचा तुकडा मिळतो, मग ते दहा वेळा पंजा देतं. पण पंजा देणं ही त्याने ठरवून केलेली गोष्ट आहे. ढग गडगडल्यावर छाती धडधडते, तोंडातून लाळ गळते, मागचे पाय लटलटतात, त्यातलं काहीही ते ठरवून करत नाही. मग तुम्ही पाठीवरून हात फिरवलात म्हणून त्याची छाती जास्त धडधडेल कशी?

हे मोजूनही झालं आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली विजांना घाबरणाऱ्या कुत्र्यांना वादळाचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला आणि त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं. ते २०७ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे तिपटीवर गेलं, आणि चाळीस मिनिटांनीही पूर्वपदावर आलं नव्हतं. मालक कसा वागला याने त्या वाढीत फरक पडला नाही. ज्या घरात दुसरं कुत्रं होतं, तिथे मात्र ताण लवकर उतरला. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातून २०२० साली आलेला अभ्यास फटाक्यांच्या भीतीवर होता, त्यात १,२२५ मालकांचे अनुभव घेतले होते. आवाज झाल्याबरोबर खाऊ किंवा खेळणं देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त जणांनी गुण आल्याचं सांगितलं. म्हणजे संदेश जे करू नका म्हणतो, त्याच वाटेवरचा हा उपाय.

एक पथ्य मात्र पाळायचं: आपण घाबरंघुबरं व्हायचं नाही. कुत्रं जवळ आलं तर बसू द्या, हळू हात फिरवा, नेहमीच्या आवाजात बोला. ते खाटेखाली गेलं असेल तर ओढून मांडीवर घेऊ नका. त्याने निवडलेली जागा त्याची. गडगडाट झाला की लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा कलेजीचा तुकडा पुढे टाका. भीतीने खातच नसेल तर आग्रह नको, कळायचं ते कळलं: एवढ्या भीतीला नुसता खाऊ पुरणार नाही.

दुसरा मुद्दा वाचला की मला खरोखर संताप येतो. आमच्याकडचा वळीव कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसभर पंचेचाळीस अंशांत भाजून निघायचं, दुपार कलली की सातपुड्याकडून काळं येतं, आधी धुळीचा लोट, मग वारा, मग विजा. अर्ध्या तासात केळीच्या बागा आडव्या होतात. अशा वेळी माणूस बागेकडे धावतो आणि कुत्रं निंबाला साखळीने बांधलेलं राहतं. एकट्या उंच झाडावर वीज पडते हे आपण शाळेत शिकतो, पोरांना झाडाखाली थांबू नका म्हणतो, आणि कुत्र्याला मात्र त्याच झाडाला बांधतो.

गेल्या उन्हाळ्यात वळीव उघडल्यावर शेजारच्या मळ्यातलं असंच एक कुत्रं मी जवळून पाहिलं. साखळीने खोडाला वेढे घेतले होते, मान बुंध्याला टेकली होती. पट्ट्याखालचे केस गेलेले, कातडी लाल. पुढच्या पायाचं एक नख मुळापासून उखडलेलं आणि त्याच्यासमोर चिखलात ओरखड्यांचा खड्डा. मालक म्हणाले, “काही नही व्हत त्याले, सवय व्हई जाई.” पुढच्या पावसाआधी, नुसता वारा सुटल्यावरच ते कुत्रं कापायला लागलं. सवय झाली होती, पण भीतीची. ज्यातून सुटता येत नाही अशा भीतीत कोंडलं की कुत्रं एक तर आणखी बिथरतं, नाहीतर गप्प पडतं. त्या गप्प पडण्यालाच लोक ‘भीड चेपली’ म्हणतात. आणि आखूड साखळीवर तासन्‌तास बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

करायचं काय, तर आत घ्यायचं. जुनं धाब्याचं घर असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. जाड मातीच्या भिंती आवाज अडवतात. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र ठेवू नका, पावसाचा मारा सुरू झाला की माणसालाही तिथे एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. मधली खोली, खिडकीवर गोधडी, खाटेखाली जुनं पोतं, पंखा किंवा रेडिओ सुरू. दार लोटलेलं, कारण घाबरलेलं कुत्रं पळत सुटतं आणि महामार्गावर जातं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात पडणाऱ्या विजा दाखवतं. शेतकऱ्यांनी स्वतःच्या जिवासाठी ते फोनवर ठेवावंच. त्याच इशाऱ्यावर कुत्रंही आत घेता येतं.

सुतळी बॉम्बचं काय बोलायचं! पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जगाची ओळख पक्की होत असते. त्या वयात कानाजवळ स्फोट झाला तर पिल्लू धीट होत नाही, तो धसका जन्मभर राहू शकतो. आवाजाची ओळख करूनच द्यायची तर पाऊस नसताना द्या, दिवाळी उलटून गेल्यावर ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, भरपूर महिने मिळतात. फोनवर गडगडाटाचा आवाज इतका बारीक लावा की कान फक्त टवकारले जातील. तो सुरू असताना खायला द्या, मग बंद करा. कुत्रं निवांत राहिलं तरच काही दिवसांनी एक घर आवाज वाढवा. कापलं तर मागे या. वीज चमकणं, वारा, अंधार हे फोनमधून येत नाही, त्यामुळे काही कुत्र्यांना याचा थोडाच उपयोग होतो.

गोळी आणि दारूचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. दारूने कुत्र्याची साखर आणि अंगाची उष्णता घसरते, श्वास मंदावतो. काही ठिकाणी भांगही देतात. त्याने ते झोकांड्या खातं, लघवीवरचा ताबा जातो. झोपेच्या गोळ्यांपैकी काहींच्या गटातली औषधं पशुवैद्यही वापरतात, पण वजन, यकृत आणि मूत्रपिंड पाहून. शिवाय काही कुत्री त्या गोळीने शांत होण्याऐवजी उलट पिसाळल्यासारखी होतात. घरात उरलेली ब्रुफेनसारखी दुखण्याची गोळी तर अजिबात नको, तिने कुत्र्याच्या आतड्याला व्रण पडतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. ॲसेप्रोमाझिन ही जुन्या पद्धतीची गुंगीची गोळी कुठे दिली जात असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा: तिने शरीर सुस्तावतं, भीती तशीच राहते. भीती कमी करायला ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन अशी औषधं आता वापरली जातात. अमेरिकेत डेक्समेडेटोमिडीनचं हिरडीला लावायचं जेल आवाजाच्या भीतीसाठीच २०१६ पासून आहे. ही औषधं ढग वाजायच्या आधी द्यावी लागतात. म्हणून पशुवैद्यांकडे मे महिन्यातच जायचं.

राहिला गावठी कुत्र्याचा मुद्दा. दिवाळीच्या रात्री आपल्याच गल्लीतली कुत्री कुठे असतात ते एकदा पाहा: ट्रॅक्टरखाली, मोरीत, नाहीतर गाव सोडून शेतात. फिनलंडमध्ये १३,७०० पाळीव कुत्र्यांच्या पाहणीत ३२ टक्के कुत्री आवाजाला घाबरणारी निघाली. इतक्या सगळ्यांना निकामी ठरवायचं का? रानडुकरावर धावून जाणारं, अनोळखी माणसाला बांधावर अडवणारं कुत्रं विजेला घाबरू शकतं. राखण आणि विजेची भीती यांचा एकमेकांशी संबंध नाही.

उलट आयुष्यभर न घाबरलेलं कुत्रं सात-आठ वर्षांचं झाल्यावर अचानक घाबरू लागलं, तर ‘दुसरा आणा’ म्हणण्याआधी त्याचे सांधे आणि पाठ तपासून घ्या. २०१८ च्या एका अभ्यासात आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांपैकी ज्यांना हाडा-सांध्यांचं दुखणं होतं, त्यांची भीती इतरांपेक्षा बऱ्याच उशिरा, सरासरी चार वर्षांनी, सुरू झालेली दिसली. मोठ्या आवाजाने अंग दचकून ताठ होतं, दुखरा सांधा ठणकतो, आणि आवाज व कळ यांची गाठ पडते. पायरी चढताना थांबतं का, उठताना मागचा पाय झटकतं का, पाठीवर हात ठेवला की गुरगुरतं का, हे घरीच पाहून ठेवा आणि पशुवैद्यांना सांगा. दुखण्यावर उपचार सुरू झाल्यावर त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांची भीतीही कमी झाली होती.