कोरडेपणावर सरळपणाचा उतारा

ज्यांचे केस जन्मतः कुरळे आणि राठ असतात त्यांना "एकदाचे सरळ करून घे, कटकट मिटेल" हा सल्ला कधी ना कधी मिळतोच. माझेही केस त्याच जातीचे असल्यामुळे या विषयावर मी बरेच वाचले आहे आणि माझे एक ठाम मत झाले आहे. केस सरळ करण्याला माझा आक्षेप नाही. सरळ केस कुणाला आवडत असतील तर ती तिची आवड आहे आणि त्यासाठी तिने कुणाला कारणे देत बसण्याची गरज नाही. आक्षेप आहे तो कोरड्या, पिंजारलेल्या केसांची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला रासायनिक सरळीकरण हा त्यावरचा उपचार आहे असे सांगण्याला. कुरळेपणा आणि कोरडेपणा बहुधा एकाच डोक्यावर नांदत असले तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे रसायन पहिलीवर काम करताना दुसरी बहुतेक वेळा वाढवून ठेवते.

कुरळे केस कोरडे का असतात, हे आधी पाहू. टाळूतल्या ग्रंथींमधून पाझरणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते, पण वळणावळणाच्या केसावरून त्याला तसे उतरता येत नाही. त्यामुळे मुळाशी तेलकटपणा आणि टोकांशी रखरख अशी विचित्र स्थिती होते. केसाचे बाहेरचे आवरण कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या चपट्या पेशींचे असते. वळणांच्या जागी ही कौले किंचित उचलली जातात आणि लवकर झिजतात, त्यामुळे आतला ओलावा टिकत नाही. उलट हवा दमट असली की बाहेरचे बाष्प आत शिरते, केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे पाण्याने सुटणारे कच्चे जोड, सुटून भलत्याच जागी जुळतात आणि प्रत्येक केस आपल्या मर्जीने वळतो. ज्याला आपण फ्रिझ म्हणतो ते हेच. इस्त्रीने सरळ केलेले केस धुतल्याबरोबर मूळ पदावर येतात, कारण उष्णतेने केवळ हे कच्चे बंध हलवलेले असतात.

केसाचा कायमचा आकार टिकवतात ते गंधकाचे पक्के बंध, म्हणजे डायसल्फाइड बंध. रिबॉन्डिंग या कायमच्या सरळीकरणाच्या पद्धतीत बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट हे रसायन वापरून ते तोडले जातात. त्या मलमाचा पीएच (आम्ल-अल्क मोजण्याचे माप, ७ च्या वर अल्कधर्मी) साधारण ९ च्या आसपास असतो, त्यामुळे केस फुगतो, कौले उघडतात आणि रसायन आत शिरते. मग केस धुऊन, वाळवून, इस्त्रीने ताणून सरळ करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रावणाने बंध नव्या जागी पुन्हा जुळवतात. मात्र तुटलेला प्रत्येक बंध पुन्हा जुळत नाही. शिवाय केसाच्या पृष्ठभागावर पाणी परतवून लावणारा मेदाचा जो अतिशय पातळ थर असतो, तो अशा अल्कधर्मी द्रावणात निघून जातो आणि केस तो स्वतः पुन्हा तयार करू शकत नाही, कारण टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो. म्हणजे ओलावा धरून ठेवण्याची जी शक्ती आधीच कमी होती, ती सरळीकरणानंतर आणखी घटते. केस सरळ करणारी दुसरी मलमे, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे रिलॅक्सर, याहून जहाल असतात. त्यांचा पीएच १२ च्या पुढे जातो, ते मूळ बंध परत जुळू शकणार नाहीत असे बदलून टाकतात, आणि त्यावर नंतर थायोग्लायकोलेट लावले तर केस जागच्या जागी तुटण्याचा धोका असतो.

इथे कुणीही विचारेल की मग अमुक मैत्रिणीचे केस सरळ केल्यावर एवढे चमकदार कसे दिसतात? त्याचे कारण साधे आहे. सपाट, एका रेषेत पडलेल्या केसांवरून प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो, कुरळ्यांवरून तो विखुरतो; त्यात इस्त्रीने कौले दाबून बसवलेली असतात आणि वरून सिलिकोनचा लेप असतो. ही चकाकी निरोगीपणाची खूण नव्हे. पुढे धुण्याबरोबर लेप उतरत जातो आणि टोकांना फाटे फुटू लागतात, पण छायाचित्रे तर पहिल्या दिवशीची असतात.

केराटिन (केसातलेच प्रथिन) ट्रीटमेंटबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण "हे नैसर्गिक आहे, यात फक्त प्रथिने आहेत" हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. बाहेरून लावलेले प्रथिन केसाची रचना बदलू शकत नाही. या जातीच्या अनेक उत्पादनांत खरे काम फॉर्मल्डिहाइड हे तिखट वासाचे रसायन करते, किंवा तापवल्यावर ते सोडणारी रसायने करतात. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. २०१० मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात "फॉर्मल्डिहाइडमुक्त" असे छापलेल्या एका सरळीकरणाच्या द्रावणाची तपासणी झाली, तेव्हा त्यात ते भरपूर निघाले. पाण्यात ते मिथिलीन ग्लायकॉल या रूपात असते, म्हणून लेबलावर त्याचे नाव सापडेलच असे नाही. त्याच्या जागी पुढे ग्लायऑक्सिलिक आम्ल आले, आणि "सुरक्षित" हा शब्दही त्याच्यासोबत आला. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत प्रसिद्ध झाली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वर्षांत सरळीकरणानंतर दर वेळी तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. तिला लावलेल्या मलमात १० टक्के ग्लायऑक्सिलिक आम्ल होते, आणि तेच मलम उंदरांच्या त्वचेवर लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आढळले.

सरळीकरणाचा गर्भाशयाच्या कर्करोगाशी संबंध जोडणारी बातमीही अधूनमधून फिरत असते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ३३ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. सरळीकरणाची उत्पादने कधीच न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत हा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असल्याचा अंदाज त्यात मांडला होता. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही, आणि एकदाच केस सरळ केलेल्या मुलीने रात्रभर जागावे असे तर त्यात काहीच नाही. तरीही पिंजारलेल्या केसांसाठी म्हणून ही गोष्ट वारंवार करत राहावी का, हा विचार नक्कीच करावा.

कोरडेपणाचा उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच बहुधा कुणी तो जोर लावून सांगत नाही. सौम्य शाम्पू, भरपूर कंडिशनर, त्याच ओल्या अवस्थेत बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या फणीने गुंता सोडवणे, टॉवेलने खसाखसा न पुसणे, वाळल्यावर न विंचरणे आणि झिजलेली टोके कापणे. काही महिने एवढे नेमाने करून पाहावे. कोरडेपणा कमी झाल्यावरही कुरळेपणा नकोसा वाटत असेल तर तो निर्णय खऱ्या अर्थाने आवडीचा ठरतो.

मग जरूर करावे. मात्र लावणाऱ्याला बाटलीवरचा घटकांचा तक्ता मागावा आणि केसांना आधी लावलेला रंग, ब्लीच किंवा तयार मेंदी यांतले काही लपवू नये, कारण काही मिश्र मेंद्यांतील धातूंच्या क्षारांची या रसायनांशी वाईट प्रतिक्रिया होते. संपूर्ण डोक्याआधी मागच्या बाजूच्या एका बटेवर प्रयोग करून घ्यावा, आणि ती बट ओली असताना रबरासारखी ताणली जाऊन तुटली तर तिथेच थांबावे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात आणि नवे येतात ते कुरळेच, त्यामुळे पुढच्या खेपेला रसायन फक्त त्या नव्या भागालाच लावायला सांगावे. आधी सरळ झालेल्या भागावर ते पुन्हा चढले की केस तुटू लागतात. सरळीकरण मध्येच सोडायचे ठरवले तर जुना सरळ आणि नवा कुरळा भाग जिथे मिळतो ती जागा सर्वांत नाजूक असते, म्हणून त्या काळात केस घट्ट बांधू नयेत आणि सरळ भाग थोडाथोडा कापत जावा.