विक्काचा समर्पणविधी: फिरत्या मजकुरात काय खोटं आहे

गेले काही महिने मराठीत एक मजकूर फिरतोय. कधी व्हॉट्सअॅपवर, कधी रीलखालच्या ओळींत, सोबत चंद्रकोरीचं चित्र. त्याचं सार असं: विक्का हा ख्रिस्ताच्या आधीपासून चालत आलेला युरोपचा मूळ धर्म आहे. चर्चने ९० लाख चेटकिणी जिवंत जाळल्या, तरी त्यांचा गुप्त दीक्षाविधी टिकला आणि तो हाच. पौर्णिमेच्या रात्री यादीतलं साहित्य मांडा, रक्ताचा एक थेंब वाहून शपथ घ्या, त्या रात्रीपासून तुम्ही देवीच्या पुजारीण. मात्र विधी अर्धवट सोडलात किंवा शपथ मोडलीत, तर तिप्पट उलटतं. खाली साहित्याची यादी असते आणि बहुतेक वेळा ते साहित्य विकत मिळण्याची सोयही असते.

हा मजकूर ज्यांच्यापर्यंत जातो त्यात विशीतली मुलंमुली बरीच आहेत. घरच्या देवघराशी त्यांचं भांडण असतंच असं नाही. चंद्राच्या कला, ऋतू, स्त्रीरूपातली देवता यांची त्यांना ओढ वाटते आणि ती ओढ खरी असते. त्या ओढीचं पहिलं पाऊल खोट्या इतिहासावर आणि भीतीवर पडावं, हे मला सहन होत नाही. विक्का हा धर्म म्हणून जगणारी माणसं आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे १३ हजार जणांनी आपला धर्म विक्का असा लिहिला. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका कैद्याच्या खटल्यात १९८६ साली संघीय अपील न्यायालयाने विक्का हा धर्मच आहे, असं मान्य केलं. त्या माणसांच्या श्रद्धेचाही हा मजकूर अपमान करतो. म्हणून एकेक दावा घेते.

पहिला दावा, हजारो वर्षांच्या परंपरेचा.

विक्का विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये आकाराला आला आणि त्याचा कर्ता माणूस आपल्याला नावानिशी माहीत आहे. जेराल्ड गार्डनर १८८४ साली लँकेशायरमध्ये जन्मला. उमेदीची वर्षं त्याने सिलोन, बोर्निओ आणि मलायात काढली, मळ्यांवर आणि नंतर कस्टम्सच्या नोकरीत. मलायातल्या क्रिस या कट्यारीवर त्याचं पुस्तकही आहे. (पुढे त्याच्या विधींमध्ये कट्यारीला एवढं मानाचं स्थान का मिळालं, हे समजायला ही एक गोष्ट मला फार बोलकी वाटते.) १९३६ साली निवृत्त होऊन तो मायदेशी परतला. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या चेटकिणींच्या एका जुन्या मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असं त्याचं म्हणणं होतं. १९५१ साली ब्रिटनमधला १७३५ चा विचक्राफ्ट (म्हणजे चेटूक) कायदा रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनरचं 'विचक्राफ्ट टुडे' आलं. विक्का जगापुढे आला तो तेव्हा.

मग प्राचीनतेची कथा आली कुठून? त्या पुस्तकाची प्रस्तावना मार्गारेट मरे यांची होती. प्राचीन इजिप्तचा अभ्यास करणाऱ्या या बाईंनी १९२१ साली एक सिद्धान्त मांडला होता: युरोपात ज्यांना चेटकीण म्हणून मारलं, ते सगळे एका जुन्या, लपून टिकलेल्या धर्माचे अनुयायी होते. गार्डनरने हा सिद्धान्त मनापासून स्वीकारला. इतिहासकारांनी मात्र खटल्यांची मूळ कागदपत्रं तपासली आणि तो साफ मोडीत निघाला. ब्रिस्टल विद्यापीठातल्या रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली विक्काच्या जडणघडणीचा सविस्तर इतिहास लिहिला, तेव्हा त्यातले एकेक धागे दिसले: फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाचे विधी, मध्ययुगीन मंत्रतंत्राच्या पोथ्या, अॅलिस्टर क्राऊली या इंग्रज गूढविद्यावाल्याचं लिखाण, इंग्रजी काव्यातलं निसर्गप्रेम. न्यू फॉरेस्टचं ते मंडळ नेमकं कसलं होतं यावर अभ्यासक आजही वाद घालतात. त्याला हजार वर्षांची परंपरा होती, याचा पुरावा कुणीच दिलेला नाही.

विधींचे शब्द कसे घडले, तेही नोंदलेलं आहे. डोरीन व्हॅलिएंटे यांनी १९५३ साली गार्डनरकडून दीक्षा घेतली. ज्याला प्राचीन म्हणून सांगितलं जात होतं, त्यातले उतारे त्यांनी ओळखले. ते क्राऊलीचे होते. त्यांनी गार्डनरला तोंडावर तसं सांगितलं. तुला याहून चांगलं लिहिता येत असेल तर लिही, असं उत्तर मिळालं आणि त्यांनी खरंच लिहिलं. देवीच्या तोंडी असलेलं जे गद्य आज जगभरच्या विक्का मंडळांत म्हटलं जातं, ते या तिशीतल्या बाईंच्या हातचं आहे. मला तरी हा इतिहास त्या बनावट प्राचीनतेपेक्षा कितीतरी भारी वाटतो.

आणि ज्या विधीचा मजकुरात उल्लेख आहे, म्हणजे एकट्याने, गुरूशिवाय, स्वतःच स्वतःला वाहून घेण्याचा विधी, तो तर याहूनही अलीकडचा. गार्डनरच्या परंपरेत तशी सोयच नव्हती. तिथे दीक्षित व्यक्तीच दुसऱ्याला दीक्षा देऊ शकते, तीही पुरुषाने बाईला आणि बाईने पुरुषाला. सत्तरच्या दशकापर्यंत पुस्तकं सर्वदूर पोचली, पण मंडळं मोजकी आणि बंद दाराआडची. मग वाचून ओढ लागलेल्या माणसाने करायचं काय? या प्रश्नातून विक्कावर लिहिणाऱ्या रेमंड बकलंड यांनी १९७४ साली आणि खुद्द व्हॅलिएंटे यांनी १९७८ साली एकट्याने करायचे विधी छापून दिले. १९८८ साली स्कॉट कनिंगहॅम यांनी एकट्या साधकासाठी पुस्तक लिहिलं आणि ही वाट खऱ्या अर्थाने सर्वांसाठी मोकळी झाली. म्हणजे विधीचं वय जेमतेम पन्नास वर्षं. त्याने त्याची किंमत कमी होत नाही. सार्वजनिक गणेशोत्सवही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. म्हणून मांडवातल्या आरतीला कुणी खोटी म्हणत नाही. पण गणपतीचा मांडव पेशव्यांच्याही आधीचा आहे असं सांगून कुणी वर्गणी मागू लागलं, तर आपण हटकू.

दुसरा दावा ९० लाखांचा. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

हा आकडा जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग गावच्या गॉटफ्रीड ख्रिश्चन व्होइग्ट या माणसाने १७८४ साली काढला. गावच्या दप्तरात त्याला काही दशकांमधले मोजके खटले सापडले. ते प्रमाण त्याने सगळ्या युरोपला आणि कित्येक शतकांना लावलं आणि उत्तर काढलं: ९४,४२,९९४. अशा त्रैराशिकातून शेवटच्या एककापर्यंतचा आकडा! पुढे एकोणिसाव्या शतकात तो ९० लाख असा गोल होऊन प्रचारकी लिखाणात शिरला आणि तिथून निघालेला नाही. खटल्यांचे कागद मोजणाऱ्या आजच्या इतिहासकारांचा अंदाज ४० ते ६० हजार मृत्यूंचा आहे. त्यातले सुमारे पाव पुरुष होते. बहुतेक शिक्षा चर्चच्या नव्हे, तर राजसत्तेच्या न्यायालयांनी दिल्या. आणि विक्का जिथे जन्मला त्या इंग्लंडमध्ये चेटकाच्या गुन्ह्याला जाळत नसत, फाशी देत. १६१२ सालच्या लँकेशायरमधल्या पेंडलच्या गाजलेल्या खटल्यातही फाशीच झाली.

चाळीस हजार माणसं मारली गेली, हे भयंकर असायला त्याचे ९० लाख करावे लागत नाहीत. पण माझा आक्षेप त्याहून मोठा आहे. ती माणसं विक्काची नव्हती, कुठल्या गुप्त धर्माचीही नव्हती. बहुतेक जण गावातली साधी ख्रिस्ती माणसं होती: म्हातारी, विधवा, गरीब, शेजाऱ्याशी भांडण झालेली. कुणाची गाय मेली, कुणाचं मूल दगावलं, बोट हिच्याकडे. आपल्याकडे नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, तिला गावाबाहेर काढलं जातं, तेव्हा तिनेही कसली दीक्षा घेतलेली नसते. तिच्यावर नाव लादलं जातं. त्या मेलेल्या बायकांना आपल्या पंथाच्या हुतात्मा म्हणून मिरवणं म्हणजे त्यांच्यावरचा खोटा आरोप खरा मानणं. 'त्या चेटकिणी होत्याच, फक्त चांगल्या होत्या' असं म्हणण्यासारखं आहे ते. मराठी माणसाने तर ही ओळ पुढे पाठवण्याआधी दहादा विचार करावा.

साहित्याच्या यादीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एका यादीत मी काळ्या मुठीची कट्यार, चांदीचा पेला, 'सिद्ध केलेले' स्फटिक आणि तीन परदेशी तेलं पाहिली. विधीला यातलं काही अनिवार्य नाही. एकट्याने करायचा समर्पणविधी साधारण असा असतो: आंघोळ करायची, बरेच जण पाण्यात मीठ घालतात. शांत जागा. एक मेणबत्ती, वाटीत पाणी, चिमूटभर मीठ. स्वतःभोवती वर्तुळ कल्पायचं, सूर्याप्रमाणे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत. चार दिशांना अभिवादन: पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. मग देवी आणि देव यांना आपल्या शब्दांत सांगायचं की मी शिकायला सुरुवात करतेय. पाण्याचं किंवा तेलाचं बोट पाऊल, गुडघा, छाती, ओठ, कपाळ असं लावतात, काही जण फक्त कपाळाला. आभार मानायचे, वर्तुळ मोडायचं. झालं. कट्यार असलीच तरी ती वर्तुळ आखायला, दिशा दाखवायला. तिने काही कापत नाहीत. दिशांची वाटणीही दगडावरची रेघ नाही. ती ब्रिटनच्या भूगोलाशी जुळते, पश्चिमेला अटलांटिक, दक्षिणेला सूर्य. ऑस्ट्रेलियातले अनेक विक्का साधक अग्नी उत्तरेला मानतात आणि सणांचं चक्रही सहा महिन्यांनी फिरवून घेतात. कोकणात राहणाऱ्याचा समुद्र पश्चिमेलाच आहे, त्याला तेवढं सोपं.

आणि पैशांचं म्हणाल, तर गार्डनरच्या परंपरेत दीक्षेसाठी पैसे घेणं वर्ज्य मानतात. 'दीक्षा पॅकेज' असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा.

'त्या रात्रीपासून तुम्ही पुजारीण' या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. मंडळाची दीक्षा वेगळी. तिच्या तीन पायऱ्या असतात. पहिल्या दीक्षेत डोळ्यांवर पट्टी, दोरीने बांधलेले हात, वर्तुळाच्या कडेवर छातीला टेकवलेलं पातं आणि प्रश्न असा सोहळा असतो. फ्रीमेसनांच्या विधीशी त्याचं नातं उघड आहे. ती दिल्यावर माणूस त्या मंडळाचा पुजारी होतो, कारण त्याला ओळखणारी, जबाबदारी घेणारी माणसं समोर उभी असतात. समर्पणविधी त्याच्या खूप आधीचा टप्पा आहे. मी अभ्यास सुरू करतोय, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. पुष्कळ परंपरांत त्यानंतर एक वर्ष आणि एक दिवस शिकण्याचा काळ धरतात: विक्काचे वर्षातले आठ ऋतुसण एकदा पुरे अनुभवायचे, चंद्राच्या कला पाळायच्या, वाचायचं, वही लिहायची, आणि मग ठरवायचं की हे आपलं आहे का. नाही वाटलं तर निघून जायचं. हा काळ ठेवलाय तोच त्यासाठी. एका रात्रीत पुजारीणपद देणारा मजकूर नवख्या माणसाकडून नेमकी हीच सवड काढून घेतो.

आता रक्त, शपथ आणि तिप्पट उलटणं.

समर्पणविधीला रक्त लागत नाही. छापील आणि प्रचलित विधींत तेल, पाणी, मीठ, धूप आहे. घरात एकटीने, रात्री, सुईने किंवा ब्लेडने बोट टोचून घेणं हा सरळ धोका आहे, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ते सांगणारा माणूस कुठल्याही धर्माचा असो, बेजबाबदार आहे.

शपथेची भीती मात्र हवेतून आलेली नाही, हे मान्य करायला हवं. गार्डनरच्या मंडळाच्या दीक्षेत गुप्ततेची शपथ आहे, आणि ती मोडल्यास माझीच शस्त्रं माझ्यावर उलटोत, अशा अर्थाचं वाक्यही आहे. पण ती शपथ मंडळाची गुपितं न फोडण्याची. एकट्याने केलेल्या समर्पणात गुपितही नसतं आणि ज्यांचं गुपित राखायचं असं मंडळही नसतं. तिथली वाक्यं इथे चिकटवली की नुसती धमकी उरते.

तिप्पटीच्या नियमाचंही तेच केलंय. विक्कामध्ये अनेक जण मानतात की आपण जे दुसऱ्याकडे धाडतो, ते तिप्पट होऊन आपल्याकडे येतं. कुणाचं वाईट चिंतू नये, यासाठीचा तो धाक आहे. त्याच्या जोडीला १९६४ साली व्हॅलिएंटे यांनी जाहीरपणे मांडलेलं सूत्र आहे: कुणाला इजा होत नसेल, तर तुला हवं ते कर. मेणबत्ती मध्येच विझली, शब्द विसरले, आईने दार वाजवलं म्हणून उठावं लागलं, यात कुणाला इजा झाली? शिवाय सगळे विक्का साधक तिप्पटीचा नियम मानतातच असंही नाही. बरेच जण तो शब्दशः घेत नाहीत.

तेव्हा ज्यांनी हा विधी करायला घेतला आणि भीतीने अर्धवट टाकला, आणि आता ताप आला किंवा पेपर अवघड गेला की त्याचाच संबंध जोडत बसले आहेत, त्यांना सांगते: तुमचं काहीही बिघडलेलं नाही. मेणबत्ती विझवलेली असू द्या, मीठपाणी मोरीत ओता, पुरेशी झोप घ्या. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर घरात ज्या कुणाशी बोलता येतं त्या ताईला, मावशीला किंवा मित्राला सगळं सांगा, आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे जा. आणि 'शपथ मोडल्याचा दोष काढून देतो' म्हणत कुणी पैसे मागितलेच, तर ते मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा. चमत्कार आणि अलौकिक शक्तीच्या नावाने लोकांना घाबरवून लुबाडणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते, आणि आधी कुणाचा सल्ला हवा असेल तर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते मदत करतात.