कॅटलोनियाचे ‘90 टक्के’

स्पेनच्या ईशान्येकडच्या कॅटलोनिया प्रांताबद्दल एक दावा वारंवार फिरतो: 2017 साली 90 टक्के जनतेने स्पेनपासून फुटून निघायचा कौल दिला, त्यांची भाषा वेगळी, स्पेनला पोसतातही तेच, मग देश वेगळाच हवा.

आधी ते 90 टक्के. 1 ऑक्टोबर 2017 ला मतदार होते सुमारे 53 लाख, मतं पडली 23 लाखांच्या आसपास. ‘हो’ म्हणणारे 20 लाखांच्या थोडे वर, म्हणजे पडलेल्या मतांच्या 90 टक्के, पण एकूण मतदारांच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने मतदान स्थगित केलं होतं, त्यामुळे विरोधातले बहुतेक जण फिरकलेच नाहीत. मतदान केंद्रं उघडी राहावीत म्हणून आईबाप आदल्या रात्री शाळांमध्ये मुक्कामाला होते, आणि सकाळी पोलिसांनी दारं फोडून मतपेट्या उचलल्या, लोकांवर लाठ्या चालवल्या. माद्रिदचं, म्हणजे स्पेनच्या केंद्र सरकारचं, ते वागणं लाजिरवाणंच होतं. पण लाठीमार झाला म्हणून घरी बसलेल्यांची मतं ‘हो’च्या खात्यात कशी धरायची? त्याच डिसेंबरमध्ये प्रादेशिक निवडणूक झाली, जवळपास 79 टक्के मतदान झालं. स्वातंत्र्यवादी पक्षांना जागांचं बहुमत मिळालं, मतं मात्र 47.5 टक्के. 2024 मध्ये तर जागांचं बहुमतही गेलं.

भाषेचं म्हणाल, तर त्या दिवशीची मतपत्रिकाच बघा. एकच प्रश्न तीन भाषांत छापला होता: कॅटलन, स्पॅनिश आणि आरान खोऱ्यातली ऑक्सितान. 2018 च्या सरकारी पाहणीत ‘माझी रोजची भाषा कॅटलन’ म्हणणारे 36 टक्के होते, स्पॅनिश म्हणणारे जवळपास 49. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत कॅटलनची गळचेपी झाली, ती जखम खरी आहे. पण 1983 च्या कायद्याने ती शाळेत शिकवण्याची भाषा झाली, त्याच वर्षी तिची स्वतःची दूरचित्रवाहिनी सुरू झाली. हे सगळं स्पेनमध्ये राहूनच झालं.

भरतो जास्त आणि परत मिळतं कमी, ही पैशाची तक्रार रास्त आहे. मात्र उत्तरेकडचा बास्क प्रदेश स्पेनमध्ये राहूनच आपले कर आपण गोळा करतो आणि ठरलेला वाटा माद्रिदला देतो.

फुटून निघायचा प्रश्न विचारूच नये, असं मी म्हणत नाही. स्कॉटलंडला तो 2014 साली विचारला गेला, तोही ब्रिटन आणि स्कॉटलंडच्या सरकारांनी आधी करार करून. जवळपास 85 टक्के मतदार आले, 55 टक्के ‘नाही’ म्हणाले. कॅटलन मतदारासमोर असं दोन्ही बाजूंना मान्य असलेलं मतदान अजून आलेलंच नाही.