मोकळी जागा दिसली की यांचे हात शिवशिवतात

"मधे फार मोकळं मोकळं दिसत होतं." टँकमधलं कोरल, म्हणजे प्रवाळ, का हलवलं विचारलं तर हे उत्तर! पुण्याला जाताना ज्याच्या भरवशावर खाऱ्या पाण्याचा टँक सोडला, ज्याला पैसे मोजून फक्त पाणी बदल, स्किमरचा, म्हणजे फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा, कप धू, पाण्याची अल्कलिनिटी बघ एवढंच सांगितलं होतं, त्याने तोंड वर करून मला हे सांगावं!

परवा न्यू जर्सीत परत आले, बॅगा दारातच टाकल्या आणि आधी टँकसमोर गेले. कोपऱ्यातला गॅलॅक्सिया, हेही एक कोरलच, उचलून याने थेट सोनेरी टॉर्च या दुसऱ्या कोरलच्या शेजारी चिकटवलेला. मधे अंतर चार बोटं. अहो, चार बोटं! गॅलॅक्सियाचे स्वीपर, म्हणजे डंख मारणारे तंतू, फूटभरसुद्धा लांब जातात, हे या धंद्यात पोट भरणाऱ्या माणसाला मी शिकवायचं? दिवसा तो गोड दिसतो, मान्य. दिवे विझले की ती पारदर्शक दोरी बाहेर पडते आणि जे हाताला लागेल ते भाजून काढते. म्हणूनच तो एकटा प्रवाहाच्या खालच्या अंगाला ठेवला होता, स्वीपर वाहिले तरी काचेकडे जावेत म्हणून. याने नेमका वेव्हमेकरच्या, म्हणजे प्रवाह सोडणाऱ्या पंपाच्या, पुढ्यात आणून ठेवला. म्हणजे रात्रभर प्रत्येक स्वीपर टॉर्चवरच.

टॉर्चची दोन डोकी गेली. मांस सुटलं, खाली नुसता पांढरा सांगाडा. तिसऱ्यावर ब्राऊन जेली, म्हणजे मांस कुजवणारा रोग, धरली, ती बाकीच्यांवर पसरू नये म्हणून रात्री उशिरापर्यंत करवत आणि आयोडीनची बादली घेऊन बसले होते. हे कोरल एका डोक्यापासून वाढवलं होतं मी.

वर हॅमर नावाचं तिसरं कोरलही टॉर्चला टेकवलेलं. म्हणे, "दोन्ही यूफिलियाच ना, एकाच वंशातले?" नाही हो, नाही! हॅमर आणि त्याचा भाऊबंद फ्रॉगस्पॉन सहसा एकमेकांना सांभाळून घेतात, टॉर्च त्या दोघांनाही पोळतो. आणि २०१७ साली हॅमर, फ्रॉगस्पॉन फिंब्रियाफिलिया या वेगळ्या वंशात गेले, टॉर्च यूफिलियातच राहिला, इतकं तरी दुकानात बसून वाचा.

यावर या टँक सांभाळणाऱ्यांचं ठरलेलं वाक्य: समुद्रात तर चिकटूनच वाढतात. वाढतात ना, आणि लढतातही! ज्युडिथ लँग यांनी जमैकाच्या रीफवर बघून १९७१ सालीच लिहून ठेवलंय की कोरल पोटातले तंतू बाहेर काढून शेजाऱ्याचं मांस जागच्या जागी विरघळवतं. लेदर कोरल तर हातही लावत नाही, पाण्यात टर्पीन नावाचं विष सोडून शेजाऱ्याची वाढ खुंटवतं. समुद्रात ते विष वाहून जातं. माझ्या पंचाहत्तर गॅलनच्या टँकमधून कुठे जाणार? त्यासाठी ते शोषून घेणारा कार्बन घालायचा असतो, आणि तोही या महाशयांनी बदललेला नाही.

दुकानदार तर वेगळेच. इंचभर फ्रॅग, म्हणजे कोरलचा तुकडा, हातात ठेवतात, वर "शांत आहे, कुठेही बसवा". माँटिपोरा कोरलची ती इवलीशी चकती पुढे ताटाएवढी होऊन खालच्या सगळ्यांचा उजेड खाते, हे विकताना कोण सांगतं? एकदा ग्रीन स्टार पॉलिप मुख्य खडकावर लावायला सांगणारा भेटला होता. मुख्य खडकावर! पुढे तो खडक फक्त त्याचाच होतो. आणि ते निळ्या उजेडातले गच्च भरलेले फोटो. फ्रॅग चिकटवले, त्याच संध्याकाळी फोटो काढला, लोकांनी वाहवा केली. सहा महिन्यांनी त्याच टँकचा फोटो टाका की. कोणी टाकत नाही.

घरी येणाऱ्या आपल्या मंडळींचंही तेच. "एवढी जागा रिकामी का गं? अजून चार रंगीत आण की." लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं जरा सरकून घ्या म्हटलं की झालं, असं वाटतं सगळ्यांना. पुण्याच्या मावसभावाला तर त्यातलाच एक तुकडा बॅगेतून हवा होता. बाबा रे, दगडी कोरल भारतात वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला, आणि देशाबाहेर न्यायला साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कागद लागतात. तर म्हणे, "छोटासाच तर दगड." दगड नाही तो, जिवंत आहे!

ती रिकामी जागा मी मोजून ठेवलेली असते. गॅलॅक्सियाभोवती फूट, टॉर्चभोवती निदान वीतभर, चॅलिस कोरलसमोर तेवढीच, कारण रात्री तेही सोडत नाही.

आणि आज सकाळी त्या माणसाचं बिल आलंय. पाणी बदल, स्किमर, आणि खाली वेगळी ओळ: "कोरल मांडणी, जादा आकार." माझं कोरल मारण्याचे जादा पैसे! एक डॉलर देणार नाही. उलट त्या डोक्यांची किंमत कापून उरलेले पाठवलेत, सांगाड्यांच्या फोटोंसकट.