पैसे युनिटचे, वेळ दुसऱ्याचा

दर लाँग वीकेंडनंतर आमच्या ईव्हीवाल्यांच्या, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या, ग्रुपवर एकच रडगाणं सुरू होतं: चार्जरवर भांडणं झाली, आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही. मला हे फारसं पटत नाही. सिव्हिक सेन्स नाही हे खरंच, पण तो पेट्रोल पंपावर तरी कुठे असतो? तिथे कोणी कोणाच्या अंगावर जात नाही, कारण माणूस कितीही आडमुठा असला तरी त्याची टाकी पाच मिनिटांत भरते, पंपावरचा पोरगा झाकण लावतो आणि मागचा हॉर्न वाजवतो. अडवून अडवून तो अडवणार किती? तोच माणूस चार्जरवर दीड तास अडवू शकतो आणि त्यासाठी त्याला एक रुपयाही जास्त मोजावा लागत नाही. खरी मेख इथे आहे. चार्जरवर टंचाई असते मिनिटांची आणि बिल येतं युनिटचं.

ज्यांच्याकडे अजून पेट्रोलची गाडी आहे त्यांच्यासाठी गणित मांडतो. समजा बॅटरी ४५ किलोवॅट-अवरची, म्हणजे ४५ युनिटची आहे, मोठ्या बॅटरीच्या टाटा नेक्सॉनला असते तेवढी. २० टक्क्यांवर ती हायवेवरच्या ६० किलोवॅटच्या डीसी (म्हणजे फास्ट) चार्जरला लावली, तर ८० टक्क्यांपर्यंत जायला साधारण चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात २७ युनिट आत जातात. उरलेल्या २० टक्क्यांसाठी लागतात फक्त ९ युनिट. त्रैराशिक मांडलं तर तेरा-चौदा मिनिटांत काम व्हायला हवं, पण होत नाही. बॅटरी भरत आली की सेलचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकतं आणि गाडीची बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, करंट कमी कमी करत नेते. शेवटी शेवटी तर सगळे सेल एका पातळीला आणायचं काम चालू असतं. यात चार्जर काही करू शकत नाही, गाडी मागेल तेवढंच तो देतो. त्यामुळे या शेवटच्या ९ युनिटांना पहिल्या २७ युनिटांइतकाच वेळ गेला तरी नवल नाही. ९८ टक्क्यांवर ते अवाढव्य मशीन जेवढी वीज देत असतं, तेवढी घरच्या भिंतीवरच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरमधूनही मिळते.

आता पैशांचं बघा. हायवेवर जीएसटी धरून युनिटला वीस-बावीस रुपये पडतात. म्हणजे ९ युनिटांचे झाले दोनशेच्या आसपास. या दोनशे रुपयांत तुम्ही कोणाचा तरी पाऊण तास विकत घेतलात, आणि ज्याचा घेतलात त्याला कोणी विचारलंही नाही. बरं, यात चार्जरवाल्या कंपनीचाही तोटाच आहे. मागे उभ्या असलेल्या, बॅटरी उतरलेल्या गाडीने तेवढ्याच वेळात सहाशे रुपयांची वीज घेतली असती.

गेल्या दिवाळीत सातारा-कराडच्या मधल्या एका हॉटेलवर जे पाहिलं ते सांगतो. मशीन एकच, गन (गाडीत लावायचा केबलचा प्लग) दोन, त्यातली एक फॉल्टला गेलेली. चालू गनवर एक पांढरी एसयूव्ही लावलेली, आत कोणी नाही. स्क्रीनवर दिसत होतं: ९१ टक्के, ११ किलोवॅट. मागे तीन गाड्या. पहिल्या गाडीत मागच्या सीटवर एक आजी पाय वर घेऊन बसलेल्या, त्यांची सून पदराने वारा घालत होती, कारण बॅटरी ७ टक्क्यांवर होती आणि त्यांनी एसी बंद ठेवला होता. हॉटेलचा वॉचमन आत जाऊन टेबलाटेबलावर गाडीचा नंबर पुकारून आला. आला तो हात हलवत. "साहेब म्हणाले, आत्ताच जेवायला बसलोय, शंभर झाल्यावर बघू."

शेवटी आजींचा मुलगा स्वतः आत गेला. बाहेर आला तेव्हा एसयूव्हीवाले गृहस्थ त्याच्यासोबत होते, हात धुवायलाही थांबलेले दिसत नव्हते. पुढचं संभाषण तुम्ही कुठे ना कुठे ऐकलंच असेल.

"मी पैसे भरलेत."

"अहो काका, पैसे आम्हीपण भरणारच आहोत ना."

"मग भरा की. माझं झाल्यावर भरा."

त्या गृहस्थांना जायचं होतं पुण्याला. ९१ टक्क्यांत ते पुण्याला जाऊन जेजुरी करून आले असते. पण त्यांच्या बाजूने विचार करा. त्यांनी नियम मोडला होता का? नाही. ॲपने त्यांना कुठे सांगितलं की आता उठा? नाही. ताटात गरम भाकरी, आकडा अजून वर चढतोय, आणि बिल तर युनिटचंच. असल्या सोयीत मीही सज्जन राहीन याची खात्री मी देणार नाही.

आता "८० टक्के झाले की गाडी काढा" या अलिखित नियमाबद्दल. ग्रुपवर काही जण त्याचं सोवळं करतात. ८१ दिसलं की फोटो काढून टाकतात. हे चूक आहे. मालवणहून कोल्हापूरकडे परत निघालेल्या माणसापुढे फोंडा घाट किंवा गगनबावडा चढायचा असतो. येताना उतारावर गाडी ब्रेकच्या जोरावर बॅटरी थोडी भरून घेते, पण तेव्हा जे फुकट मिळालं ते जाताना व्याजासकट द्यावं लागतं. वाटेतला चार्जर ॲपवर हिरवा दिसतो, पण प्रत्यक्षात तो चालू असेल का, हे तिथे पोचल्यावरच कळतं. अशा माणसाने ९५ पर्यंत भरलं तर त्याला बोलायचा हक्क कोणालाच नाही. छोट्या बॅटरीच्या टियागोवाल्याचंही तेच. १९ किलोवॅट-अवरच्या गाडीला ८० टक्क्यांवर उठवणं म्हणजे पुढच्या तालुक्यात पुन्हा रांगेत उभं करणं. उलट ७९ किलोवॅट-अवरची महिंद्रा घेऊन आलेल्याला साताऱ्याहून पुण्याला जायला निम्मी बॅटरीसुद्धा जास्त होते.

म्हणून चार्जरवर पोचल्यावर विचारायचा प्रश्न "किती वेळ लागेल?" हा नाहीच. "कुठे निघालात आणि किती टक्क्यांवर उठणार?" हे विचारायचं. माणसाने एकदा तोंडाने आकडा सांगितला की तो सहसा त्याला धरून राहतो. आणि गाडी सोडून जेवायला जाणार असाल तर डॅशबोर्डवर मोबाइल नंबर ठेवा आणि फोन सायलेंटवर टाकू नका. एवढंही जमत नसेल तर चहा गाडीपाशी मागवून घ्या, हॉटेलवाला आणून देतो.

"पण कंपनी सांगते की एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची) बॅटरी मधूनमधून शंभर टक्के भरा," असं कोणी म्हणेलच. बरोबर आहे, सांगते. टक्क्यांचा अंदाज नीट राहावा म्हणून ते लागतं. पण ते रात्री घरी, भिंतीवरच्या हळू चालणाऱ्या एसी चार्जरवर, पांघरूण घेऊन झोपल्यावर करायचं काम आहे. पाडव्याच्या दुपारी हायवेवर नाही.

दोन गनवाल्या मशीनचं एक वेगळंच महाभारत आहे. बहुतेक ठिकाणी ६० किलोवॅटचं मशीन दोन गाड्यांना ३०-३० वाटून देतं. आधीपासून लावलेल्याचं स्पीड अचानक पडतं आणि त्याला वाटतं नव्याने आलेल्याने घात केला. "तुम्ही जरा थांबा, माझं होऊ द्या" असं सांगणारे भेटतात. थांबायचं कारण नाही. दुसरी गन दुसऱ्या गाडीसाठीच आहे. पण आधीचा ७५-७८ वर असेल आणि पाच मिनिटांत उठणार असेल, तर थांबलेलं तुमच्याच फायद्याचं.

आणि मशीनवरचं ते इमर्जन्सीचं लाल बटण. कृपा करून दुसऱ्याचं चार्जिंग थांबवायला ते दाबू नका. ते आग, धूर, शॉक यासाठी आहे. दाबलं की दोन्ही गन बंद पडतात, आणि काही मशीन नंतर कंपनीच्या माणसाने लांबून रीसेट केल्याशिवाय जागी होत नाहीत. म्हणजे एकाला धडा शिकवायच्या नादात सगळ्या रांगेची वाट. शिवाय उपयोगही नाही. सीसीएस-२ ची (आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना लागते त्या प्रकारची) गन गाडीत लॉक असते. चार्जिंग बंद पडलं तरी बऱ्याच गाड्यांत मालकाने गाडी अनलॉक केल्याशिवाय ती निघत नाही. ओढाओढी केली की गाडीतलं लॉक किंवा गन मोडू शकते, आणि गन मोडली तर ती कोणाच्याच कामाची राहत नाही.

चार्जरच्या जागी सावली बघून डिझेलची गाडी लावणाऱ्यांवर मी फार लिहीत नाही. हॉटेलवाल्याला सांगा. तो हसेल आणि म्हणेल, "दोन मिनिटांत काढतील." त्याला दोष तरी कसा द्यायचा? त्याच्या शंभर गिऱ्हाइकांत आपण पाच.

कॅबवाल्यांचं मात्र बोलायला हवं, कारण तिथे आमचे खासगी गाडीवाले फार उर्मटपणे बोलतात. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की "आले हे, आता दोन तास झोपणार". शहरातल्या चार्जरवर एसी लावून झोपलेले ड्रायव्हर मीही पाहिलेत. पण रात्रभर विमानतळाच्या फेऱ्या करणाऱ्या माणसाला ना घरी चार्जर, ना सोसायटीत पार्किंग. त्याच्यासाठी सार्वजनिक चार्जर म्हणजे रोजची चूल आहे. आणि माझा अनुभव असा की, मागे रांग आहे हे दिसल्यावर सगळ्यात आधी उठतो तो कॅबवालाच, कारण मिनिटाची किंमत त्याला पाठ असते. सोसायटीत फुकट चार्जर असून "इथे जरा वेगात होतं" म्हणून मॉलमध्ये येऊन बसणाऱ्या साहेबांना ती माहीत नसते.

तर उपाय काय? पाट्या लावून, सुविचार फॉरवर्ड करून हे सुटणार नाही. वेळेला किंमत लावा. टेस्लाने २०१६ मध्येच अमेरिकेत हे केलं: चार्जिंग संपल्यावर गाडी हलवली नाही तर मिनिटाप्रमाणे पैसे. नंतर २०२३ मध्ये गर्दीच्या ठिकाणी, ठरावीक टक्क्यांच्या पुढे गाडी भरत बसलात तरी मिनिटाला आकार लावला. इलेक्ट्रिफाय अमेरिका नावाच्या कंपनीने २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही गर्दीच्या स्टेशनांवर ८५ टक्क्यांना चार्जिंग बंदच करून पाहिलं. जर्मनीत एनबीडब्ल्यू नावाच्या कंपनीच्या चार्जरवर चार तासांनंतर मिनिटाला दहा सेंट पडतात. तिथली माणसं आपल्यापेक्षा गुणी असती तर यातलं काहीच लागलं नसतं.

आपल्याकडेही वेळेनुसार दर ही कल्पना नवी नाही. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत चार्जिंग स्टेशनला मिळणाऱ्या विजेचा दर सकाळी ९ ते दुपारी ४ कमी आणि बाकीच्या वेळी जास्त ठेवलेला आहे. मग ८० टक्क्यांच्या पुढे मिनिटाचा दर लावायला काय हरकत आहे? माझी सूचना साधी आहे: रांग नसेल तर कोणालाच काही लावू नका. दुसरी गन अडलेली असेल आणि कोणी ॲपवर "मी इथे थांबलोय" असं नोंदवलं असेल, तरच ८० नंतर मिनिटाला पाच रुपये. घाट चढणारा ते आनंदाने देईल. पुण्याला जाणारे काका भाकरी गुंडाळून उठतील. आणि बिल येईपर्यंत वाट बघायला लावू नका, आकार सुरू होण्याआधी दहा मिनिटं फोन वाजला पाहिजे.

हे आत्ताच करायला हवं, कारण पुढे गर्दी वाढणार आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. हायवेवर दर २५ किलोमीटरला चार्जर उभारायचंही ठरलंय. टोलमाफीने गाड्या लगेच रस्त्यावर येतात. चार्जरला मात्र जागा, ट्रान्सफॉर्मर, वीजजोडणी, सगळंच लागतं.

तोवर एक देशी तोड सांगतो. कराडच्या पुढे एका हॉटेलवाल्याने गल्ल्यावर वही ठेवलीय. नाव, गाडी नंबर, मोबाइल आणि शेवटचा रकाना: किती टक्के पाहिजे. आकडा तुम्हीच स्वतःच्या हाताने लिहायचा. तेवढे झाले की त्याचा पोरगा फोन करतो. ॲपवर बुकिंग करून आलेल्यालाही तो सांगतो, आधी वहीत लिहा. माझ्या मते हे बरोबर आहे, कारण तिकडे पुण्याजवळ खेड शिवापूरला ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीसाठी गन मोकळी ठेवणं हा वेडेपणा आहे. माझ्या बायकोला हे अजिबात मान्य नाही. तिचं म्हणणं, बुकिंगचे पैसे घेतले तर गन राखून ठेवलीच पाहिजे, नाहीतर बुकिंग घेऊच नका. तुम्ही कोणाच्या बाजूने, ते खाली लिहा. फक्त कोणाच्याही गाडीच्या नंबरप्लेटचे फोटो टाकू नका, मी कमेंट उडवीन.