सत्ता ‘भावाला दिली’ म्हणे!

वहिनीने ग्रामपंचायतीचा अर्ज भरला त्याच संध्याकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड येऊन पडला. ‘बोलिव्हियाने जगात पहिल्यांदा बाईला राष्ट्राध्यक्ष केलं, लिडिया गेयलर. भाऊ लष्करात म्हणून खुर्ची मिळाली. आठ महिन्यांत महागाईने देश बुडवला आणि सत्ता सख्ख्या भावाच्या हाती देऊन बाई मोकळी!’ खाली हात जोडलेले तीन इमोजी. वहिनीने वाचलं आणि फोन उपडा ठेवला. म्हणून लिहायला बसले.

‘जगात पहिली’ नाही. शेजारच्या अर्जेंटिनात इसाबेल पेरोन 1974 लाच राष्ट्राध्यक्ष झाल्या होत्या. गेयलर बोलिव्हियातल्या पहिल्या. पुढे.

खुर्ची भावामुळे? 1 नोव्हेंबर 1979 ला कर्नल नातुशने सत्ता बळकावली, ती सोळा दिवसांत सोडावी लागली. मग तडजोड म्हणून संसदेने कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांना हंगामी राष्ट्राध्यक्ष केलं. त्या गेयलरबाई. 1952 च्या क्रांतीपासून राजकारणात, 1956 पासून खासदार, 1964 च्या बंडानंतर परागंदा. एवढं करूनही ‘कुणाची तरी बहीण’च!

महागाईचं अर्धं खरं, मान्य. डॉलर 20 पेसोंचा होता, त्यांनी 25 चा केला. शेतकऱ्यांनी रस्ते अडवले. पण कर्जाचा डोंगर त्याआधीच्या जनरल बान्सेरच्या लष्करी राजवटीतला.

आता तो भाऊ. लुइस गार्सिया मेसा. सख्खा नव्हे, दोघांचंही आईकडचं आडनाव तेहादा, नातं तिकडून. एप्रिल 1980 मध्ये त्याला लष्करप्रमुख नेमलं ते बाईंनीच. लष्कराने गळ्याशी आणलं होतं, तरी नेमणूक त्यांचीच, हे नाकारत नाही. पण ‘सत्ता दिली’? 17 जुलैला त्याने बंड केलं, सरकार जिथून चालतं त्या ला पाझमध्ये रुग्णवाहिकांतून बंदूकधारी उतरले. होय, रुग्णवाहिकांतून. कामगार महासंघाच्या कार्यालयात घुसून त्यांनी समाजवादी नेते मार्सेलो किरोगा सांता क्रूस यांना गोळ्या घातल्या. राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातून मंत्र्यांना उचललं, बाईंना राजीनामा द्यायला लावला, मग देश सोडायला. बोलिव्हियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 1993 ला याच गार्सिया मेसाला तीस वर्षांची शिक्षा सुनावली. बहिणीने राजीखुशीने हाती ठेवलेल्या सत्तेसाठी तीस वर्षं?

आणि फॉरवर्डमध्ये ज्याचा उल्लेखही नाही ते सांगते. हंगामी अध्यक्षाचं काम निवडणूक घेणं. ती बाईंनी 29 जून 1980 ला घेतली, एर्नान सिलेस सुआसो पहिले आले, आणि तीन आठवड्यांत हे बंड. 1982 च्या ऑक्टोबरात लष्कर हटलं तेव्हा पुन्हा मतदान घेतलंच नाही. 1980 ला निवडून आलेली संसद बोलावली आणि तिने सिलेस सुआसोंना राष्ट्राध्यक्ष केलं.

हे सगळं काकांना पाठवलं. उत्तर आलं, ‘अगं, मला आला तसा पुढे पाठवला.’