एसीतला गॅस ‘संपत’ नसतो, तो गळतो

फेब्रुवारी संपत आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते: “एसीवाला चांगला कोणी आहे का?” चार दिवसांनी त्याच ग्रुपवर निरोप येतो, “येऊन गेला, गॅस कमी झाला होता, भरला.” झाले अडीच-तीन हजार. पुढच्या वर्षी तेच घर, तोच एसी, पुन्हा गॅस. हे इतकं अंगवळणी पडलंय की लोक उन्हाळ्याच्या खर्चात गॅस आधीच धरून ठेवतात. मला याचा मनापासून राग येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

हा गॅस जळत नाही, झिजत नाही, जुनाही होत नाही. बंद नळ्यांतून तो नुसता फिरत असतो. इनडोअरच्या कॉइलमध्ये खोलीतली उष्णता उचलतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आउटडोअरच्या कॉइलमध्ये ती उष्णता बाहेर टाकतो आणि परत आत येतो. सोसायटीच्या गच्चीवर पाणी तापवणारा हीट पंप घ्या किंवा जर्मनी-स्वीडनमध्ये घरं उबदार ठेवणारा घ्या, यंत्र हेच. उष्णता कुठून उचलायची आणि कुठे टाकायची, एवढाच फरक. स्वयंपाकघरातला फ्रिजही याच तत्त्वावर चालतो. त्यात दरवर्षी गॅस भरावा लागतो का? फ्रिजचे सगळे जोड कारखान्यातच पक्के झाळलेले असतात. स्प्लिट एसीचे शेवटचे जोड मात्र आपल्या घरी, खिडकीबाहेर लटकून, घाईघाईत केले जातात. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

त्यात आपल्याकडे अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. भाडेकरूचं घर बदलतं, एसी उतरवला जातो, नव्या घरी चढतो. अशा प्रत्येक वेळी तांब्याच्या नळीचं जुनं टोक कापून नवीन फ्लेअर, म्हणजे नट घट्ट बसावा म्हणून टोकाला दिलेला कर्ण्यासारखा पसरट आकार, करायला हवा. प्रत्यक्षात जुन्याच फ्लेअरवर नट पान्याने करकचून आवळला जातो. नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढण्याऐवजी थोडा गॅस फुस्सकन सोडून ‘हवा काढली’ म्हणतात. आत राहिलेला ओलावा आर-३२ किंवा आर-४१०ए (एसीत भरल्या जाणाऱ्या गॅसची नावं) च्या मशीनमधल्या तेलात मुरतो, त्यातून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर आतून खराब व्हायला लागतो. तो बसतो दोन-तीन वर्षांनी, तेव्हा दोष कंपनीला दिला जातो.

दुसरं कारण हवेतलं. नाल्यालगत, नदीकाठी किंवा मुंबईत खाडीजवळ राहणाऱ्यांच्या कॉइल लवकर गळतात. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं खातो आणि सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं पडतात. घरातली चांदीची भांडी, निरांजनं नेहमीपेक्षा लवकर काळी पडत असतील तर तीच हवा तुमच्या कॉइललाही लागतेय, हे नक्की समजा. अशा घरात एसी घेताना कॉइलवर गंजरोधक लेप आहे का, हे स्टार रेटिंगइतकंच आवर्जून विचारा.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या एसीचं कूलिंग गेलं. आधी आलेल्या मुलाने गॅसचा दाब मोजणारं गेज लावलं आणि पाच मिनिटांत “गॅस भरावा लागेल” सांगितलं. मी नको म्हटलं आणि ओळखीतल्या एका जुन्या मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी सिलिंडर पिशवीतून काढलाच नाही. आउटडोअरच्या जाड पाइपच्या नटाखाली बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला काळा, तेलकट चिकटा. “ताई, गॅससोबत तेलही बाहेर येतं, त्यावर धूळ बसते. गळती आपली जागा स्वतःच सांगते.” मग स्पंजने साबणाचा फेस लावला. बराच वेळ काही नाही. मग नटाच्या कडेला एक बुडबुडा हळूहळू फुगत गेला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला.

उरलेला गॅस त्यांनी वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतला. नळीचं टोक कापलं, आतली कड घासून साफ केली, नवीन फ्लेअर केला. नायट्रोजन भरून दाब टिकतोय का पाहिलं, व्हॅक्यूम पंप अर्धा-पाऊण तास चालवला आणि शेवटी आउटडोअरच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरला. नुसत्या रिफिलला मागितले होते त्याहून पैसे थोडे जास्तच झाले. मी ते आनंदाने दिले.

याला दुरुस्ती म्हणतात. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा मारणं.

आणि कूलिंग कमी म्हणजे गॅसच कमी, असंही नाही. फिल्टर तुंबलेला असतो, आउटडोअरची कॉइल धूळ आणि कबुतरांच्या पिसांनी भरलेली असते, जुन्या मशीनमध्ये पंख्याचा कॅपॅसिटर मेलेला असतो. काही इमारतींत आउटडोअर अशा चिंचोळ्या डक्टमध्ये कोंबलेले असतात की आपलीच गरम हवा परत ओढतात. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसा दाबही बदलतो, त्यामुळे नुसत्या गेजकडे बघून निदान करता येत नाही.

हवेत गेलेल्या गॅसचा हिशेब तर कोणी करतच नाही. एक किलो आर-३२ हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडकवतो. आर-४१०ए असेल तर दोन हजार किलोंच्या वर. असे गॅस कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय किगाली करारानुसार ते भारत २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणणार आहे. आणि इकडे “जुना काढून फ्रेश भरतो” म्हणत उरलासुरला गॅस बाल्कनीतून सोडून दिला जातो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख मेकॅनिकना प्रशिक्षण द्यायचं उद्दिष्ट होतं. ते योग्यच होतं, पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला व्यवस्थित काम करायला वेळ आणि पैसेही मिळाले पाहिजेत.

कारण त्या पाच मिनिटांत निदान करणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. दिवसाला आठ-दहा कॉल, बऱ्याच ठिकाणी कमाई गॅस आणि पार्टच्या कमिशनवर, सातव्या मजल्यावर छज्ज्यावर उभं राहायचं तर कमरेला पट्टा नाही. आणि आपण पाचशेच्या सर्व्हिसमध्ये शंभर कमी कर म्हणून घासाघीस करतो. गळती शोधायला दीड-दोन तास लागतात. त्या वेळेचे पैसे द्यायला आपण तयार नसू, तर तो गॅसच विकणार.

यंदा एसीवाल्याला फोन कराल तेव्हा आधीच विचारा: नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणणार का? हो म्हणाला तर त्याचे जास्तीचे पैसे कबूल करा, पट्टा बांधल्याशिवाय खिडकीबाहेर जाऊ देऊ नका, आणि बिलावर किती ग्रॅम गॅस भरला ते लिहून घ्या.